मागे राहणारीचा हिशेब

नोव्हेंबर महिना आला की बँकेत एक वेगळीच गर्दी सुरू होते. हयातीच्या दाखल्याची. आपण अजून जिवंत आहोत, हे वर्षातून एकदा सही करून कळवावे लागते. त्याशिवाय पुढचे निवृत्तिवेतन खात्यावर पडत नाही. २०१४ पासून हे काम अंगठ्याच्या ठशावर, घरबसल्याही होऊ लागले. पण माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे त्याआधीची. काउंटरच्या आतल्या बाजूने मी असे सदतीस नोव्हेंबर पाहिले.

"आलो बुवा यंदाही!" म्हणत पुरुष मंडळी येत. बरोबर बहुधा पत्नी असे. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसे, हा खिडकीशी उभा राहून सही करी, ओळखीच्या कारकुनाशी हवापाण्याच्या चार गोष्टी बोले, आणि दोघे मंडईच्या दिशेने निघून जात. मग एखाद्या नोव्हेंबरला ती मुलाबरोबर येई. हातात कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती, आणि सही कुठे करायची हे विचारणारी नजर. याच्या उलट, म्हणजे बाई गेली आणि एकटा पुरुष आला, असेही घडे. पण ते इतके क्वचित की त्याची शाखेत चर्चा होई. बायका एकट्या येत त्याची चर्चा होत नसे. ते गृहीतच होते.

तालुक्याच्या गावी असताना एक निवृत्त मुख्याध्यापक आमचे खातेदार होते. अक्षर मोत्यासारखे, प्रत्येक पावती वहीत नोंदवलेली. ते चैत्रात गेले. जूनमध्ये त्यांच्या पत्नी एका कापडी पिशवीत सगळी कागदपत्रे घेऊन आल्या. मुदत ठेवीच्या सात पावत्या, दोन पासबुके, लॉकरची किल्ली. सगळे गुरुजींच्या एकट्याच्या नावावर, आणि पाच पावत्यांवर वारसाची जागा कोरी. त्यांनी त्या टेबलावर एकाशेजारी एक मांडल्या आणि विचारले, "यातलं माझं कोणतं, साहेब?"

कायद्याचे उत्तर मला पाठ होते. पत्नी, मुले आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. सर्वांची संमती, हमीपत्र, जामीनदार. त्यांची तीन मुले तीन गावांत होती. सगळे सरळ माणसांचे घर. तरी त्या पाच पावत्यांचे पैसे हाती पडायला आठ महिने लागले. मला आजही खुपते ते वेगळेच. त्यांपैकी तीन पावत्यांच्या नूतनीकरणावर सही माझी होती. गुरुजी समोर बसले होते, बाई बाकावर होत्या, मी चहा मागवला होता, आणि वारसाची कोरी जागा भरून घ्यायला मी विसरलो होतो. तिला भरायची गरज पडेल असे आम्हा तिघांपैकी कोणाच्याच मनात आले नव्हते.

खरे तर यायला हवे होते. कारण बाई पुरुषापेक्षा अधिक जगते, ही गोष्ट आपल्याकडचे आकडे केव्हापासून सांगत आहेत.

केव्हापासून, हा प्रश्नच मोठा मौजेचा आहे. युरोपात हे फार जुने आहे. स्वीडनमध्ये १७५१ पासून जन्ममृत्यूच्या सलग नोंदी आहेत आणि तिथे बाई तेव्हापासूनच पुढे. आपल्याकडे मात्र उलटे होते. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीय पुरुषाचे सरासरी आयुर्मान साडेबत्तीस वर्षांच्या आत-बाहेर, तर स्त्रीचे त्याहून थोडे कमीच. १९५१ ते ६१ मध्ये पुरुष जवळपास ४२, स्त्री साडेचाळीस. १९७०-७५ मध्ये पुरुष ५०.५ आणि स्त्री ४९. मग १९८१-८५ च्या तक्त्यात पहिल्यांदा बाई काठाकाठाने पुढे गेली. पुरुष ५५.४, स्त्री ५५.७. मी बँकेत लागलो तो हाच काळ. तेव्हापासून ती मागे पडलेली नाही. २०१६-२० च्या तक्त्यात पुरुष ६८.६, स्त्री ७१.४ वर्षे. महाराष्ट्रात त्याच्या आसपासच्या वर्षांत हे आकडे सुमारे ७१ आणि ७४ होते. केरळात तर दोघांमधले अंतर पाच वर्षांहून अधिक.

म्हणजे आपल्या देशात बाईने पुरुषाला मागे टाकले, त्याला अवघी चाळीस वर्षे होत आहेत. माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत ही अदलाबदल झाली. पण घरातल्या रीती, कागदपत्रे आणि आशीर्वाद मात्र त्याआधीच्या तक्त्यावर चाललेले आहेत.

आशीर्वादच घ्या. 'अखंड सौभाग्यवती भव' हा आपल्याकडे नव्या नवरीला मिळणारा सर्वांत मोठा आशीर्वाद. त्याचा सरळ अर्थ, तू आधी जा. अहेव मरण आलेल्या बाईला मळवट भरून, हिरवी साडी नेसवून नेत आणि शेजारच्या बायका तिच्या पाया पडत. माझ्या आजीच्या पिढीत हे भाग्य स्वस्त होते. बाळंतपण ते सहज देऊन जाई. मराठीत 'बिजवर' असा एक शब्द आहे. पहिली बायको गेलेला आणि पुन्हा बोहल्यावर उभा राहिलेला तो बिजवर. या शब्दाला स्त्रीलिंगी जोड नाही. ज्या काळात बिजवर पदोपदी होते त्याच काळात धोंडो केशव कर्व्यांची पहिली पत्नी १८९१ मध्ये गेली आणि १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी लग्न केले, तेव्हा काय गहजब झाला हे आपण शाळेत शिकलो. कर्वे पुढे १०४ वर्षे जगले, १९६२ पर्यंत. या दुसऱ्या पत्नीही त्यांच्या आधी, १९५० मध्ये गेल्या. सरासरी ही अशा माणसांना मोजत असते, पण त्यांच्यासाठी नसते.

मग त्या काळी विधवा कमी होत्या का? मुळीच नाही. नवरा दहा-पंधरा वर्षांनी मोठा असेल तर बाईचे सरासरी आयुर्मान थोडे कमी असले तरी ती मागे राहणारच. आणि इथे सरासरीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती भल्याभल्यांना चकवते. १९७० च्या सुमारास सरासरी आयुर्मान पन्नास होते याचा अर्थ माणसे पन्नाशीत मरत होती असा नव्हे. ढीगभर बाळे पहिल्या-दुसऱ्या वर्षी जात आणि सरासरी खाली ओढत. जे तरले ते सत्तरीही पाहत. म्हणून संसाराच्या हिशेबाला जन्मापासूनचे आयुर्मान उपयोगाचे नाही, साठीपासूनचे पाहावे. आज साठीला पोहोचलेल्या भारतीय पुरुषापुढे सरासरी आणखी सतरा-साडेसतरा वर्षे आहेत आणि स्त्रीपुढे एकोणीसच्या आसपास. फरक जेमतेम दीड वर्षाचा. एवढ्याने काय होते, असे कोणी म्हणेल.

आता यात लग्नातले वयाचे अंतर मिळवा. आपल्याकडे नवरा अजूनही चार-पाच वर्षांनी मोठा पाहतात. दीड आणि पाच मिळून साडेसहा. इथेही सरासरी फसवते. काही घरांत पत्नी आधी जाते, आणि ती घरे हा आकडा खाली ओढतात. ज्या घरांत पती आधी जातो तिथे मागे राहण्याचा काळ त्यामुळे साडेसहाहून बराच मोठा असतो; दहा वर्षे, पंधरा वर्षे, कधी पंचवीस. माझे वडील ६४ व्या वर्षी गेले. आई त्यानंतर बावीस वर्षे होती. एका नव्या मुलाला जन्म देऊन, वाढवून, पदवीधर करावे एवढा तो काळ.

बाई अधिक का जगते, याची उत्तरे शास्त्रज्ञांकडे बरीच आहेत आणि त्यांचा वाद मिटलेला नाही. तिच्याकडे एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते, पुरुषाकडे एकच. पक्ष्यांत ही मांडणी उलटी असते आणि बऱ्याच पक्ष्यांत नर अधिक जगतो, हा या बाजूचा पुरावा. पाळी जाईपर्यंत बाईच्या हृदयाला स्त्रीसंप्रेरकांचे थोडेफार संरक्षण असते; तिला हृदयविकार गाठतो तो साधारण दहा वर्षे उशिरा. दुष्काळात आणि साथींतसुद्धा मुलींची तान्ही बाळे मुलांपेक्षा अधिक तगली, असे जुन्या नोंदींवरून दिसते. तेव्हा निसर्ग तिच्या बाजूचा आहे खरा. कोरियातल्या राजदरबारी असलेल्या ८१ खोजांच्या वंशावळी तपासून काढलेला निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला होता. ते त्यांच्या दर्जाच्या इतर पुरुषांपेक्षा चौदा ते एकोणीस वर्षे अधिक जगले होते. दीर्घायुष्याचा हा मार्ग मी कोणाला सुचवत नाही.

पण निसर्गाचा वाटा नेमका किती? याचे मला सर्वांत पटलेले उत्तर जर्मनीतल्या बव्हेरियाच्या मठांतून आलेले आहे. तिथे जोगिणी आणि साधू दोघेही ठरावीक वेळी उठतात, ठरावीक जेवतात, ठरावीक काम करतात. १८९० ते १९९५ या काळातल्या अकरा हजारांहून अधिक जणांच्या नोंदी एका अभ्यासकाने तपासल्या. मठाबाहेरच्या स्त्री-पुरुषांच्या आयुष्यात पाच-सहा वर्षांचे अंतर पडलेले असताना मठाच्या आत ते सुमारे एकच वर्ष होते. मजा पुढेच आहे. जोगिणी बाहेरच्या बायकांएवढ्याच जगल्या होत्या. साधू मात्र बाहेरच्या पुरुषांपेक्षा बरीच वर्षे अधिक. म्हणजे देवाने दिलेला फरक एखाद्या वर्षाचा. उरलेली वर्षे पुरुष आपल्या हाताने घालवतो.

कशी घालवतो याचा ठसठशीत दाखला रशियाचा. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूवर लगाम घातला आणि दोन वर्षांत तिथल्या पुरुषाचे सरासरी आयुर्मान पासष्टच्या घरात गेले. मोहीम ढिली पडली, मग देश कोसळला, नोकऱ्या गेल्या, व्होडका स्वस्त झाली; १९९४ मध्ये तेच आयुर्मान साडेसत्तावन्नच्या आसपास घसरले. त्याच वर्षी तिथली बाई सरासरी ७१ वर्षे जगत होती. घर एक, हवा एक, रांगाही त्याच. अंतर तेरा वर्षांहून अधिक.

आपल्याकडे व्होडका नसेल, पण टपरी आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढ पुरुषांपैकी ४२ टक्के आणि स्त्रियांपैकी १४ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती कशी पाळली जाते हे कोणत्याही बसस्थानकाच्या कोपऱ्यात पाहावे. रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. २०२२ मध्ये देशात एक लाख सत्तर हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत दर दहांत सात पुरुष. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या त्या शेतकऱ्यांचा फोटो आपण पेपरात पाहतो. फोटोखाली कोपऱ्यात बसलेली बाई पस्तिशीची असते, आणि सातबारावर तिचे नाव नसते.

पुरुषांवर खापर फोडून मोकळे होण्याचा माझा विचार नाही, मीही त्यांतलाच. बायकोचा रक्तदाब तपासायला तिच्याबरोबर जाणारा आणि आपला तपासून घ्यायला "मला काय धाड भरलीय?" म्हणणारा. आमच्या शाखेत एक रोखपाल होते. छातीत कळ आली तर ते सोडा पीत. तीन वेळा सोडा प्यायले. पोरांना कर्ज काढून शिकवणारी, रात्रपाळ्या करणारी, धास्ती कोणापाशी बोलून न दाखवणारी ही माणसे साठीआधी जातात तेव्हा ते नुकसान आकड्यांतल्या दोन-तीन वर्षांचे नसते. आणि मागे राहिलेला पुरुष तर फारच लवकर कोसळतो, हे मी त्याच काउंटरवरून पाहिले. एका नोव्हेंबरला तो एकटा येई, पुढच्याला बहुधा कोणीच नाही. औषधाची वेळ, जेवण, नातेवाइकांची येजा हे सगळे ज्या एका माणसाच्या हातात होते ते गेलेले असते.

तर निसर्ग बाईच्या बाजूचा आणि पुरुष स्वतःच्या विरुद्ध. असे असूनही आपल्याकडची बाई १९८० पर्यंत मागे का होती? उत्तर सांगायला अवघड वाटते. कारण ते घरातले आहे. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे, अंगात रक्त नाही, आणि शेवटी जेवायला बसणारी तीच. मुलगा आजारी पडला तर तालुक्याला, मुलगी आजारी पडली तर काढा. ज्या जैविक देणगीमुळे ती मुलापेक्षा अधिक तगायला हवी ती आपण चाळीस-पन्नास वर्षे घरातच खर्च करत होतो. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये दहा कोटींहून अधिक स्त्रिया जगातून नाहीशा आहेत असे लिहिले, ते यालाच. परिस्थिती सुधारली, यात शंका नाही. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. २००४-०६ मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत, २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात ३३. हे यश परिचारिकांचे, आशाताईंचे आणि रात्रीबेरात्री गाडी काढणाऱ्यांचे आहे. त्यांचे कौतुक आपण फारसे करत नाही. मात्र बिहार आणि झारखंडात २०१० नंतरच्या तक्त्यांतही पुरुषच पुढे दिसत होता. आणि आपणही फार मान ताठ करू नये. आयुर्मानाच्या तक्त्यात जन्मलेल्यांनाच जागा असते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या पोहोचल्याच नाहीत त्यांचे आयुर्मान कोणी काढत नाही.

जी पोहोचली, तगली, आणि पुरुषाला मागे टाकून पुढे गेली, तिच्या हाती आपण काय देतो? माझ्या पोटापाण्याच्या विषयावर मी येतो आहे.

२०११ च्या जनगणनेत भारतात सव्वाचार कोटींहून अधिक विधवा होत्या आणि विधुर सव्वा कोटीच्या आसपास. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक विधवा निघाल्या. पुरुषांत सहांत एक विधुर. या बायकांची मिळकत म्हणजे नवऱ्याच्या मिळकतीची सावली. सरकारी नोकराचे निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या निम्मे. तो गेल्यावर काही वर्षांनी पत्नीला मिळते ते ३० टक्के. म्हणजे शंभराला साठ. घरभाडे, वीज, डॉक्टर यांतले काही निम्मे होत नाही. उलट डॉक्टर वाढतो. आमच्या बँकवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. निवृत्तिवेतनाची योजना आम्हाला १९९५ मध्ये मिळाली, पण कुटुंब निवृत्तिवेतन पगाराच्या १५ ते ३० टक्के अशा उतरत्या पायऱ्यांनी, आणि कमाल मर्यादा ९,२८४ रुपयांची. आयुष्यभर शाखा चालवलेल्या मॅनेजरच्या बायकोला दहा हजारही मिळत नसत. ऑगस्ट २०२१ मध्ये ती मर्यादा उठली आणि सरसकट ३० टक्के झाले. माझ्या ओळखीच्या काही वहिनींना तोवर वाट पाहणे जमले नाही.

आणि ही झाली भाग्यवंतांची गोष्ट. कारखान्यात, खासगी नोकरीत राबलेल्याच्या विधवेला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून २०१४ पासून किमान हजार रुपये. ज्यांना कोणीच नाही त्यांना महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून २०२३ पासून दरमहा दीड हजार. शेतमजुराच्या बायकोचे म्हातारपण यावर निघायचे आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद केले आणि राज्य सरकारने ते सगळीकडे नेण्याचे परिपत्रक काढले. गावाला माझा मनापासून नमस्कार. त्या बाईच्या नावावर घराचा उतारा चढवण्याचा ठरावही कुठल्या तरी ग्रामसभेने करावा, अशी बँकवाल्याच्या मनात येणारी भर मी घालतो.

अधिक जगणे म्हणजे धडधाकट जगणेही नव्हे. ती जगते ती गुडघे, डोळे, रक्तदाब घेऊन. पुरुषाचा आजार त्याला नेतो, बाईचा आजार तिच्याबरोबर राहतो. नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात उठबस करायला ती असते; तिच्या वेळेला सून, मुलगी, नाहीतर दिवसाचे सातशे-आठशे घेणारी आया. पैसे बहुधा नवऱ्याच्या दुखण्यात गेलेले असतात.

दीर्घायुष्याचा हिशेब चुकल्याची जगातली सर्वांत गाजलेली गोष्ट फ्रान्सची आहे. आर्ल गावच्या जान काल्माँ बाईंचा नवरा १९४२ मध्ये गेला. मुलगी त्याआधीच गेली होती, नातू १९६३ मध्ये गेला. १९६५ मध्ये नव्वदीच्या या बाईंशी गावच्या एका नोटरीने करार केला. बाईंच्या हयातीपर्यंत त्याने दरमहा अडीच हजार फ्रँक द्यायचे, आणि बाईंच्या पश्चात घर त्याचे. नोटरी ४७ वर्षांचा. कोणत्याही बँकेने असा सौदा डोळे मिटून मंजूर केला असता. तीस वर्षे तो हप्ते भरत राहिला, घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक पैसे भरून १९९५ मध्ये वारला. बाई जिवंत. मग हप्ते कोणी भरले? त्याच्या विधवेने. काल्माँबाई १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या वयावर नंतर काहींनी शंका घेतली, पण विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. पुरुषांचा विक्रम जपानच्या किमुरा यांचा, ११६ वर्षांचा. ही गोष्ट सांगून लोक नोटरीला हसतात. माझ्या डोळ्यांपुढे दर महिन्याला हप्ता भरणारी ती त्याची बायको येते. करार करताना तिला विचारले असेल का?

आयुर्विम्याच्या धंद्याला हे सगळे केव्हाच कळलेले आहे. बाईचे वय तीन वर्षांनी कमी धरून हप्ता आकारण्याची पद्धत तिथे जुनी आहे. घरांना कळायचे आहे. बँकेच्या अर्जावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असा एक पर्याय असतो. दोघांपैकी कोणीही, अथवा जो मागे राहील तो. एका खुणेचे काम. पण "बायकोच्या नावाची काय घाई आहे?" असे म्हणणारे किती सुशिक्षित पुरुष मी पाहिले! त्यांचे पत्नीवर प्रेम नव्हते असे नाही. आपल्या मरणाची नोंद स्वतःच्या हाताने करावी लागते, ती टळत होती. आणि बायकाही म्हणत, "अभद्र बोलू नका." मार्च २०२४ अखेर कोणी न मागितलेल्या अठ्ठ्याहत्तर हजार कोटींहून अधिक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा झालेल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी पावत्या कोणाच्या तरी कपाटात, साड्यांच्या घडीखाली, अजून असतील. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार वारस नेमता येतात. एकही न नेमणाऱ्यांसाठी या सुधारणेचा उपयोग नाही.

हे सगळे लिहिणाऱ्याचे स्वतःचे घर कसे आहे, असे वाचक विचारतील. सांगतो. मी सदुसष्ट वर्षांचा, पत्नी त्रेसष्ट. तक्त्याप्रमाणे तिची पाच-सहा वर्षे माझ्या पलीकडची, आणि आईचे उदाहरण धरले तर वीसही. सदतीस वर्षे लोकांचे क्लेम निकाली काढणाऱ्या माणसाच्या बायकोला आपल्या घराच्या ठेवी कोणत्या शाखेत आहेत हे मागच्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसलो. खाती, पावत्या, लॉकर, विमा, सोसायटीचा दाखला, कोणाला फोन करायचा, कोणत्या कागदाच्या किती प्रती लागतात. माझ्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन किती मिळेल तो आकडा काढला आणि मग तो पुन्हा एकदा काढला, कारण पहिल्यांदा तो खरा वाटला नाही. घरखर्चाला तो पुरत नव्हता. तेव्हा माझ्या एकट्याच्या नावावरच्या दोन ठेवी मोडून, व्याजाचे थोडे नुकसान सोसून, तिच्या नावाने मासिक व्याजाच्या करून टाकल्या.

वही पूर्ण झाल्यावर तिला वाचून दाखवली. तिने चष्मा लावून सगळी ऐकली, दोन ठिकाणी खुणा केल्या. मग म्हणाली, "अहो, आणि मी आधी गेले तर? तुम्हाला कुकरची शिट्टी कुठे ठेवलीय ते तरी माहीत आहे का?"

मला माहीत नव्हते. वहीची शेवटची दहा पाने तिने आता मागून लिहायला घेतली आहेत. पहिल्या ओळीत दूधवाल्याचा हिशेब आहे.